जुन्या चित्रपटाचा शेवट: कधी सांगावा, कधी राखावा

ज्याने चित्रपट पाहिलेला नाही त्याला त्याचा शेवट सांगावा की नाही, हा प्रश्न नव्या चित्रपटाबाबत फारसा वादाचा नाही. कालच लागलेल्या चित्रपटातला खुनी कोण हे तिकिटाच्या रांगेत ओरडून सांगणारा माणूस कोणालाच आवडत नाही. वाद सुरू होतो तो चित्रपट जुना झाल्यावर. वीस-तीस वर्षांत ज्याला पाहायचा होता त्याने पाहिला, आता लपवायचे काय, असे काही जण म्हणतात. गोष्ट जुनी झाली तरी ऐकणारा नवा असतो, असे इतरांचे म्हणणे असते. मग किती वर्षांनी मोकळीक मिळावी यावर घासाघीस होते आणि वाद तिथेच अडकतो. वर्षे मोजून तो सुटत नाही. त्या चित्रपटात शेवटाकडे कोणते काम सोपवले आहे आणि तो चित्रपट कोणाकडे केव्हा पोचला, हे आधी पाहावे लागते.

माहीत असलेल्या शेवटाची परंपरा

उदाहरणादाखल चकलांबा घ्या. हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले, अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीकडचे गाव. या साऱ्या मुलखाला गोष्ट ऐकायची सवय चित्रपटाच्या कितीतरी आधी लागली. कीर्तन, भारूड, गोंधळ आणि तमाशातला वग यांनी ती लावली. अखंड हरिनाम सप्ताहात पहाटे काकडा, दिवसा ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन असा क्रम चालतो आणि काल्याच्या कीर्तनाने सांगता होते. काल्याला दहीहंडी फुटणार हे मंडपातल्या लहान पोरालाही ठाऊक असते आणि ते पोर त्यासाठीच पुढे येऊन बसलेले असते. तुकाराम बीजेला, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेला, दुपारी बाराच्या सुमारास कीर्तनकार वैकुंठगमनापाशी येतो. त्या क्षणी फुले उधळायची असतात. शेवट आधीच माहीत असल्यामुळे श्रोत्यांना ओंजळ भरून तयार राहता येते.

गोंधळी जेव्हा आख्यान लावतो किंवा शाहीर अफझलखानाच्या वधाचा पोवाडा म्हणतो, तेव्हाही हेच घडते. खान मरणार यात कोणाला शंका नसते. अज्ञानदासाचा या प्रसंगावरचा पोवाडा सतराव्या शतकातला. ज्यांच्यासमोर तो पहिल्यांदा गायला गेला त्यांना प्रतापगडाची बातमी आधीच कळलेली असणार. लोक ऐकत ते शाहिराने भेटीचा प्रसंग कसा उभा केला हे. डफावर थाप कुठे पडते, आवाज कुठे चढतो, खानाची मिठी किती लांबवली जाते, याकडे कान लागलेले असतात. अशा ठिकाणी शेवट फोडला अशी तक्रार करायला जागाच नाही.

जुन्या नाट्यशास्त्राने हा फरक नीट ओळखला होता. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या दहाव्या शतकातल्या ग्रंथात कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे प्रकार केले आहेत. इतिहास-पुराणातून घेतलेली, सर्वांना ठाऊक असलेली कथा ती प्रख्यात. कवीने स्वतः रचलेली ती उत्पाद्य. मात्र भारतीय परंपरेला शेवटाचे कौतुकच नव्हते असे यावरून म्हणणे चुकीचे ठरेल. भरताने नाट्यकथेचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आणि अखेरच्या निर्वहणात अद्भुत रस असावा असेही सांगितले. शेवटी प्रेक्षकाला नवल वाटले पाहिजे, ही अपेक्षा तितकीच जुनी आहे. प्रख्यात कथेत ते नवल मांडणीतून येते. उत्पाद्य कथेत ते घटनेतूनही येऊ शकते. चित्रपटांचा विचार करताना हा जुना भेद आजही उपयोगी पडतो.

मराठी रंगभूमीने तर शेवट नाटकाच्या नावातच छापला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगमंचावर आले. कीचक मरणार हे जाहिरातीवरूनच कळत होते, आणि तरीही त्या नाटकाने सरकारला इतके अस्वस्थ केले की १९१० मध्ये त्यावर बंदी आली. प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसत होता. शेवट माहीत असणे हाच त्या नाटकाचा दारूगोळा होता: जुलमी कीचकाचे काय होते हे ठाऊक असलेला प्रेक्षक समोरच्या जुलमाचेही तेच होणार अशी आशा घेऊन बाहेर पडत असे.

चित्रपटही याच वाटेने आला. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. सत्त्वपरीक्षेच्या अखेरीस हरिश्चंद्राचे राज्य परत मिळते हे न जाणणारा प्रेक्षक तेव्हा सापडणे अवघड होते. १९३२ मध्ये प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो पहिला मराठी बोलपट. त्याचीही कथा हरिश्चंद्राचीच. एकच शेवट एकोणीस वर्षांच्या अंतराने दोन वेळा इतिहास घडवून गेला. पुढे १९३६ मध्ये दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला. तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अखेरीस वैकुंठाला जातो, हे सांगितल्याने कोणाचे काही हिरावले जात नाही. त्या चित्रपटाची श्रीमंती तुकारामाच्या बायकोच्या, जिजाईच्या संसारात आहे, तिच्या फटकळ तोंडात आणि मुकाट सोसण्यात आहे. शेवट सांगूनही ती जशीच्या तशी उरते.

साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये काढलेल्या ‘श्यामची आई’चेही असेच आहे. आई जाणार हे पुस्तक वाचलेल्या घराघरांत माहीत होते. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा तो चित्रपट लोक रडायला तयार होऊन पाहायला गेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘माहेरची साडी’कडे गावोगावच्या बायका याच तयारीने गेल्या; शेजारणीने सगळी कथा ऐकवलेली असे आणि त्या कथेनेच त्यांना तिकिटाच्या खिडकीपर्यंत आणलेले असे.

रहस्य आणि उत्कंठा

यावरून शेवट कधीही सांगावा असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. उत्पाद्य कथांमध्ये दोन अगदी वेगळ्या जाती आहेत. एका जातीत प्रेक्षकाला महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकलेली असते आणि पुढे काय होईल या काळजीने तो खुर्चीला खिळतो. आल्फ्रेड हिचकॉकने हा फरक टेबलाखालच्या बाँबच्या उदाहरणाने समजावला होता: बाँब अचानक फुटला तर धक्का काही सेकंदांचा, पण तो ठेवलेला आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल तर टेबलाभोवतीच्या साध्या गप्पाही असह्य होतात. मराठीत आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ हे नाटक याचे उत्तम उदाहरण. ऑक्टोबर १९६२ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणवणारा लखोबा लोखंडेच वेगवेगळ्या नावांनी लोकांना फसवत आला आहे, हे प्रेक्षकाला फार लवकर उमगते. प्रभाकर पणशीकर फिरत्या रंगमंचावर एका रूपातून दुसऱ्या रूपात जात, आणि हा भामटा कोर्टातल्या साक्षीदाराला आता कसा फिरवतो हे पाहायला लोक पुन्हा पुन्हा येत. लखोबा गुन्हेगार आहे असे आज कोणी सांगितले तर नाटकाची गंमत कमी होत नाही.

दुसरी जात खऱ्या रहस्याची. इथे लेखकाने एक माहिती दडवलेली असते आणि सारी रचना त्या दडवण्यावर उभी असते. राजा परांजपे यांनी दिग्दर्शित केलेला ‘पाठलाग’ हा १९६४ चा चित्रपट या जातीचा. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर तो आधारलेला असून काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. वकिलाची बायको वारली आहे. पुढे पोलिसांनी पकडलेली एक स्त्री, चेहऱ्याने अगदी तशीच, आपणच त्याची बायको असल्याचे सांगते. ती खरे बोलते की खोटे, या एका प्रश्नावर प्रेक्षक शेवटपर्यंत झुलत राहतो. न्यायालयातले प्रत्येक वाक्य दोन अर्थांनी ऐकावे लागते. ज्याला उत्तर माहीत आहे त्याला पहिल्याच वेळी एकच अर्थ ऐकू येतो आणि दिग्दर्शकाने कष्टाने उभे केलेले ते झुलणे त्याच्या वाट्याला येतच नाही. चित्रपटाला साठ वर्षे होऊन गेली तरी ते नुकसान तेवढेच राहते. म्हणून त्याचा शेवट इथे दिलेला नाही.

‘पाठलाग’वरूनच राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. मराठी चित्रपट पाहिलेल्यांना त्याचे रहस्य ठाऊक होते आणि कादंबरी वाचलेल्यांना ‘पाठलाग’चेही. तरीही हिंदी चित्रपट देशभर चालला. यातून एक साधी गोष्ट दिसते: एकच शेवट काही लोकांसाठी जुना असतानाच लाखो लोकांसाठी कोरा असू शकतो. आपल्याला माहीत आहे म्हणून ते जगाला माहीत आहे, हा समज इथे फसवा ठरतो.

रहस्य राखण्याची विनंती करणारे निर्माते जगभर होते. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचे ‘द माउसट्रॅप’ लंडनमध्ये नोव्हेंबर १९५२ मध्ये सुरू झाले. प्रयोग संपल्यावर रहस्य बाहेर सांगू नका, अशी विनंती रंगमंचावरून प्रेक्षकांना केली जाते. करोनाच्या काळातला खंड सोडला तर सत्तर वर्षांहून अधिक काळ ते चालू आहे आणि ही प्रथाही. म्हणजे काही कृतींबाबत लोकांनी वयाचा विचार न करता गुपित सांभाळले. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’च्या वेळी खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा नियम चित्रपटगृहांना घालून दिला. फ्रेंच दिग्दर्शक क्लूझो याच्या ‘ले दियाबोलिक’ या १९५५ च्या चित्रपटात, इतरांना शेवट सांगू नका अशी पाटीच अखेरीस येते.

भारतात याहून घरगुती पद्धत रुळली होती. चित्रपटगृहाबाहेर आणा-दोन आण्यांना गाण्यांची चोपडी मिळे. तिच्यात गाण्यांबरोबर नटनट्यांची नावे आणि कथेचा सारांश छापलेला असे. नायक-नायिकेची भेट, खलनायकाचे कारस्थान, ताटातूट, सारे सविस्तर सांगून सारांश ऐन मोक्याला थांबे आणि पुढचे पडद्यावर पाहा असे सांगे. गोष्ट किती सांगावी आणि कुठे थांबावे याचा हा जुना आणि शहाणा नमुना आहे. कथा सांगितल्याने प्रेक्षक येतो आणि शेवट राखल्याने तो शेवटच्या रिळापर्यंत बसतो, हे त्या धंद्यातल्या माणसांना अनुभवाने कळले होते.

चित्रपट जुना कधी होतो

चित्रपटाचे वय प्रदर्शनाच्या तारखेपासून मोजण्याची सवय शहरांची आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात चित्रपट अनेक वर्षे टूरिंग टॉकीजमधून पोचला. ट्रकवर प्रोजेक्टर, तंबू आणि रिळांचे डबे लादून ही मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात. शहरात चालून झालेल्या, घासलेल्या, सांधे लावलेल्या प्रिंट त्यांच्या वाट्याला येत. मुंबई-पुण्यात जो चित्रपट लोक विसरत चाललेले असत, तो जत्रेत नवा म्हणून लागे. भोंग्यावरून नटांची नावे, गाणी आणि मारामाऱ्यांची वर्णने होत. शेवट भोंग्यावर सांगणे कोणालाच परवडणारे नव्हते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात या फिरत्या टॉकीजचे अखेरचे दिवस टिपले. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा डिजिटल प्रक्षेपणाने जुने प्रोजेक्टर जवळजवळ मोडीत काढले होते.

टॉकीजनंतर दूरदर्शन आले. मुंबई केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले, पण मराठवाड्यातल्या लहान गावांपर्यंत चित्र पोचायला पुढचे दशक उजाडले. आठवड्याच्या मराठी चित्रपटाला ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर अर्धी गल्ली जमे. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट लावले जात. मग तालुक्याच्या गावी मेमरी कार्ड भरून देणारी दुकाने आली, आणि शेवटी स्वस्त इंटरनेटने जुने-नवे चित्रपट एकदम हातात ठेवले. चकलांब्यासारख्या गावातल्या एखाद्या पासष्ट वर्षांच्या माणसाने ‘पिंजरा’ प्रथम कधी पाहिला असेल, याला म्हणूनच एक उत्तर नाही: जत्रेत, दूरदर्शनवर, व्हिडिओवर किंवा काल मोबाइलवर.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथली लाखो माणसे ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्या, बाहेर पडतात ते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पाच-सहा महिने राबून पाडव्याच्या सुमारास परततात. त्या काळात पहाटे फडात आणि रात्री कोपीवर असलेल्या माणसाला कोणता चित्रपट लागला आणि कोणता उतरला याचा पत्ता नसतो. दोन वर्षे झाली, आता शेवट सांगायला हरकत नाही, असा नियम केला तर तो सवड, पैसा आणि चित्रपटगृह हाताशी असलेल्यांनी स्वतःच्या सोयीने केलेला नियम ठरतो. ज्याला चित्रपट उशिरा मिळाला त्याने त्याचे रहस्यही गमवावे, यात न्याय नाही.

वयाने लहान असलेल्यांचेही तेच. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. करमाळ्याच्या परिसरात चित्रित झालेल्या या चित्रपटातली माती, विहीर आणि बोली बीड-अहिल्यानगरच्या प्रेक्षकाला घरची वाटली. गाणी घरोघर वाजली, पोरे त्यावर नाचली. त्या वर्षी पाच-सहा वर्षांचे असलेले मूल आज तो चित्रपट समजून पाहण्याच्या वयात येत आहे. ‘सैराट’चा पूर्वार्ध प्रेक्षकाला हसत-नाचत ज्या मार्गाने नेतो तो शेवटाशी टक्कर व्हावी म्हणूनच आखलेला आहे. त्या अखेरच्या काही मिनिटांत चित्रपट जे म्हणतो ते बीड जिल्ह्यातल्या तरुण मुलामुलींनी ऐकण्याची फार गरज आहे, आणि ते सावध नसताना ऐकले तर अधिक खोल जाते. हा शेवट असंख्य लोकांना माहीत आहे हे खरे. तरीही ज्याने पाहिलेला नाही त्याला तो सांगणे म्हणजे त्या चित्रपटाचा आवाज कमी करून देणे होय. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’तला अखेरचा क्षणही न सांगता पाहू देण्याजोगा आहे.

काही शेवट मात्र खरोखर सार्वजनिक झालेले असतात. ‘शोले’तला जय मरतो, हे चित्रपट न पाहिलेल्या मुलांनाही माहीत असते. १५ ऑगस्ट १९७५ पासून त्याचे संवाद लग्नाच्या वरातीत, निवडणुकीच्या सभेत आणि वर्गातल्या नकलांमध्ये इतके फिरले की त्याचा शेवट म्हणींप्रमाणे सर्वांच्या मालकीचा झाला. त्यातही एक पोटभाग आहे: मुळात ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो असा शेवट दिग्दर्शकाने केला होता, पण आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आग्रहामुळे पोलीस येऊन गब्बरला पकडतात असा शेवट करावा लागला. अनेक दशके लोकांनी पाहिला तो हा बदललेला शेवट. अशा चित्रपटाबाबत शेवटाची चर्चा करणे हा इतिहासाचाच भाग आहे आणि ती टाळण्याचे कारण नाही. निशिकांत कामत यांच्या ‘दृश्यम’मधली २ ऑक्टोबर ही तारीखही अशीच सर्वांच्या तोंडी बसली, परंतु तारीख सर्वांना माहीत असली तरी चित्रपटातले अखेरचे दृश्य त्या तारखेने उघड होत नाही. प्रसिद्ध होणे आणि उघड होणे यांत असा फरक राहतो.

प्रयोगशाळेतले उत्तर

शेवट कळल्याने खरोखर आनंद कमी होतो का, हे मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतले जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाचकांना बारा लघुकथा दिल्या. काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता. त्यांत रहस्यकथा होत्या, कलाटणीच्या कथा होत्या आणि साहित्यिक अंगाच्याही होत्या. शेवट आधी कळलेल्या वाचकांनी कथांना सरासरीने थोडे अधिकच गुण दिले. कथा समजायला सोपी जाते, म्हणून असे होत असावे असा त्यांचा तर्क होता. पुढे २०१५ मध्ये बेंजामिन जॉन्सन आणि ज्युडिथ रोझेनबॉम यांच्या अभ्यासात उलट कल दिसला: शेवट न कळलेल्या कथा वाचकांना अधिक रंजक वाटल्या.

पहिल्या अभ्यासाचा आधार घेऊन शेवट सांगण्यात गैर काहीच नाही असे अनेकदा सांगितले जाते. त्यात एक चूक होते. सरासरीने गुण किती पडले हे एक. समोरच्या माणसाची इच्छा काय आहे हे निराळे. पहिला अनुभव एकदाच मिळतो. दुसऱ्यांदा पाहताना रचनेचे बारकावे दिसतात, नटाच्या चेहऱ्यावरचे इशारे कळतात, हे सगळे खरे. पण दुसरा अनुभव पहिल्यानंतर केव्हाही घेता येतो. पहिला गेल्यावर तो परत आणता येत नाही. दोन्ही मिळू शकत असताना त्यांतला एक दुसऱ्याने परस्पर काढून घेणे योग्य नाही.

कुठे सांगावाच लागतो

शेवट कधीच बोलायचा नाही असे ठरवले तर चित्रपटांवर गंभीर बोलणेच बंद पडेल. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटाचा विचार शेवटाशिवाय करताच येत नाही. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेला आदर्श शिक्षक तमाशाच्या फडामागे वाहत जातो. गावाला तो मेला असे वाटते आणि गाव त्याला पूजू लागते. अखेरीस त्याच्यावर त्या पूज्य गुरुजींच्याच, म्हणजे स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि गावाच्या मनातला आदर्श टिकावा म्हणून तो फाशी पत्करतो. हा त्याग आहे की ढोंगाला दिलेली शेवटची मान्यता? गावाला खरा माणूस हवा होता की पुतळा? या प्रश्नांवर वाद घालायचा तर शेवट टेबलावर ठेवावाच लागतो. इथे तो सांगितला आहे, कारण त्याच्यावाचून ‘पिंजरा’चे महत्त्व वाचकाला कळणार नाही, आणि शेवट ठाऊक असला तरी फडातला तो घसरत जाणारा मास्तर पाहण्याची ओढ कमी होत नाही.

‘सामना’चेही तसेच. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला होता. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यातला प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणात आजही विचारला जातो. वरकरणी हे रहस्य आहे. प्रत्यक्षात उत्तराचा अंदाज प्रेक्षकाला बराच आधी येतो. निळू फुले यांचा हिंदुराव धोंडे-पाटील आणि लागूंचा मास्तर यांच्यातला सामना हा त्याचा गाभा आहे: साखर कारखान्याच्या जोरावर सारे गाव मुठीत ठेवणारा माणूस एका दारुड्या, एकट्या म्हाताऱ्याच्या प्रश्नापुढे कसा हलतो. उसाच्या राजकारणावर उभी असलेली ही गोष्ट ऊसतोड्यांच्या जिल्ह्यात मोकळेपणाने, शेवटासह, चर्चेला घ्यायला हवी.

समीक्षा आणि परीक्षण यांची कामे म्हणून वेगळी धरावीत. वर्तमानपत्रातले परीक्षण पाहायला जावे की नाही हे सांगते. त्याने मध्यंतराच्या थोडे पुढे थांबावे. ग्रंथातली समीक्षा चित्रपट पाहिलेल्यासाठी असते. तिने शेवटापर्यंत जावे आणि रहस्यपट असेल तर सुरुवातीलाच तशी सूचना द्यावी. कोशाचे काम माहिती नोंदवण्याचे. ‘माउसट्रॅप’चे रहस्य विकिपीडियावर दिल्याबद्दल २०१० मध्ये ख्रिस्तीच्या नातवाने नाराजी व्यक्त केली होती, पण कोश उघडणारा माणूस माहिती शोधत आलेला असतो, त्याच्यावर ती कोणी लादत नाही. चित्रपट मंडळांची रीत यांत सर्वांत चांगली. मुंबईत १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांमध्ये आधी चित्रपट सगळे मिळून पाहतात आणि मग चर्चा करतात. शाळा-महाविद्यालयांत चित्रपट शिकवायचा असेल तर हाच क्रम ठेवणे सोपे आहे.

मोबाइलमुळे एक नवी अडचण उभी राहिली आहे. आता शेवट सांगायला माणूसही लागत नाही. जुन्या चित्रपटाचा अखेरचा प्रसंग कापून अर्ध्या मिनिटाची फीत केली जाते आणि तिच्या मुखचित्रावरच मेलेला नायक दिसतो. पाहणाऱ्याने ती मागितलेली नसते. बोट सरकवताना ती समोर येते. कोश उघडणारा आणि अशी फीत समोर आलेला, यांच्यात निवडीचा फरक आहे. जुने मराठी चित्रपट इंटरनेटवर ठेवणाऱ्या वाहिन्यांनी मुखचित्रासाठी पूर्वार्धातले दृश्य निवडले तर त्यांचे काहीच जाणार नाही.

एकंदर व्यवहार असा ठेवता येतो. पुराण, संतचरित्र, इतिहास किंवा गाजलेले पुस्तक यांवरच्या चित्रपटाचा शेवट बिनघोर सांगावा. विचारासाठी काढलेल्या चित्रपटाचा शेवट चर्चेला लागेल तेव्हा सांगावा. जिथे सारी इमारत एका दडवलेल्या माहितीवर किंवा न सांगता बसणाऱ्या आघातावर उभी आहे, तिथे चित्रपट दहा वर्षांचा असो की साठ, समोरच्याला आधी विचारावे: पाहिला आहे का, आणि पाहायचा आहे का? पाहायचा आहे असे उत्तर आले तर गाण्यांच्या चोपडीसारखे ऐन मोक्याला थांबावे आणि उरलेले त्याला पाहू द्यावे.